स्लो कुकरमधली चिली पातळ होऊ नये म्हणून

स्लो कुकरमध्ये (मंद उष्णतेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात) बीफ-राजम्याची चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा दाट तिखट रस्सा, बरेचदा पाणचट होते, कारण झाकणाला लागलेली वाफ पाणी होऊन परत आतच पडते.

१. खिमा आधी कढईत मोठ्या आचेवर परता. सुटलेलं पाणी आटून तळाला तपकिरी खरपूस थर धरला पाहिजे. जास्तीची चरबी काढून टाका, कांदा-लसूण त्यातच परता. जिरेपूड आणि तिखटही इथेच मिनिटभर परतून घ्या, चवीत खूप फरक पडतो.
२. कढईत थोडा टोमॅटोचा रस घालून तो थर खरवडून घ्या. खरी चव त्यातच असते, सिंकमध्ये घालवू नका.
३. सगळं कुकरमध्ये घाला, पण वरून पाणी नको.
४. शिजवलेल्या राजम्यातला वाटीभर चमच्याने ठेचून घाला, उरलेला अख्खा. रस्सा आपोआप दाट होतो.
५. ‘लो’वर ६ ते ८ तास. मध्ये झाकण उघडू नका.

कच्चा राजमा थेट स्लो कुकरमध्ये कधीच टाकू नका. कमी उष्णतेत त्यातलं विष नष्ट होत नाही आणि उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवा, ते पाणी ओता, ताज्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळून उकळा आणि मऊ शिजवूनच वापरा. विकतच्या हवाबंद डब्यातला (कॅन्ड) राजमा शिजलेलाच असतो.