पहिल्या ट्रायथलॉनसाठी रोडबाईक घेताना: आधी साईज, मग गिअर, मग टायर, कार्बनचं नंतर बघू

ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ, करायचं डोक्यात आलं की पहिल्याच आठवड्यात प्रश्न येतो, कार्बन फायबरची सायकल घेऊ का? अजून पोहण्याचा पत्ता नसतो, टँकच्या दुसऱ्या टोकाला पोचल्यावर धाप लागलेली असते, पण कार्बन घेऊ का. बरं, विचारणाऱ्याची चूक नाही, दुकानात गेलं की सगळ्यात आधी तेच दाखवतात आणि सायकल उचलून बघा किती हलकी आहे म्हणतात. पण सायकल उचलून धरायची नसते, तिच्यावर दोन-तीन तास बसायचं असतं आणि उतरल्यावर पळायचं असतं. हे पळायचं प्रकरण लक्षात ठेवूनच पुढचं सगळं वाचा, कारण नुसती सायकलिंगची रेस असती तर यातल्या काही गोष्टी मी वेगळ्या सांगितल्या असत्या.

आधी कोणती रेस ते ठरवा. स्प्रिंटला 750 मीटर पोहणं, 20 किमी सायकल आणि 5 किमी रनिंग असतं. ऑलिम्पिक म्हणजे 1500 मीटर, 40 आणि 10. हाफ म्हणजे 1.9 किमी, 90 आणि 21.1, गोव्यात मिरामारला 2019 पासून आयर्नमॅन 70.3 होते ती हीच. स्प्रिंट करणार असाल आणि घरात धड हायब्रिड, म्हणजे सरळ हँडलची साधी गिअरवाली, सायकल असेल तर खरं सांगतो, आत्ता काहीच घेऊ नका. चांगली सर्व्हिसिंग करा, गुळगुळीत टायर टाका, रेसच्या नियमांत हायब्रिड चालते का ते एकदा बघून घ्या आणि जा. वीस किलोमीटरला रोडबाईकने पाच-सात मिनिटं वाचतील, पण हा खेळ आपल्याला आवडतो की नाही ते आधी कळेल आणि पैसे खिशातच राहतील. ऑलिम्पिक किंवा हाफ डोक्यात असेल तर मात्र रोडबाईक घ्याच, कारण 90 किमी हायब्रिडच्या सरळ हँडलवर एकाच पोझिशनमध्ये हात ठेवून काढायचे म्हणजे मनगटं आणि खांदे दोन्ही बोलायला लागतात.

ट्राय बाईक, म्हणजे ती पुढे लांब दांडे असलेली, टीटी (टाइम ट्रायल) सायकल? पहिल्यांदा नको. तिच्यात सीट ट्यूबचा (सीटखालच्या नळीचा) कोन जास्त उभा असतो, रोडबाईकला साधारण 73 अंश तर हिला 76 ते 78 किंवा जास्तच, त्यामुळे कंबर मोकळी राहते आणि नंतर पळायला बरं पडतं हे सगळं खरं आहे. पण गिअरचे बटण दांड्यांच्या टोकाला आणि ब्रेक लांब बाजूच्या हँडलवर, आणि आपल्याकडे सकाळी साडेपाचला प्रॅक्टिसला निघालं तरी समोर कुत्रं, दुधवाला, उलट्या बाजूने येणारी रिक्षा यातलं काहीतरी असतंच. शिवाय ग्रुप राईडला त्या दांड्यांवर झोपून कुणाच्या मागे चालवलेलं लोकांना आवडत नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं. रोडबाईक रेसलाही चालते, रविवारच्या राईडलाही चालते, आणि उद्या ट्रायथलॉन सोडून दिलं तरी पडून राहत नाही.

आता साईज. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. उंचीवरून साईज सांगणारे तक्ते असतात, पाच फूट सात इंचाला साधारण 52 ते 54 सेंमीची फ्रेम वगैरे, पण ते फक्त सुरुवातीला. एकाच उंचीच्या दोन माणसांचे पाय आणि धड वेगळं असतं, आणि एका कंपनीची 54 दुसरीच्या 52 सारखी निघू शकते. घरी एक काम करा, अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभे रहा, एक जाड पुस्तक दोन पायांमध्ये घालून सीटवर बसल्यासारखं वर दाबा, आणि कुणाला तरी पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायला सांगा. हा झाला इनसीम. त्याला 0.883 ने गुणलं की पेडलचा क्रँक जिथे फिरतो त्या मधल्या बिंदूपासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची येते. 80 सेंमी इनसीम असेल तर 70.6 सेंमी. हा आकडा काही देववाणी नाही, पण दुकानात माप टेप घेऊन गेलात की दुकानदार जरा नीट बोलायला लागतो.

सीटची उंची वरखाली करता येते, सायकलची लांबी मात्र फारशी करता येत नाही. म्हणून कंपनीच्या चार्टमध्ये स्टॅक आणि रीच हे दोन आकडे बघा. क्रँकच्या मध्यापासून हेडट्यूबचा (हँडलखालच्या पुढच्या नळीचा) वरचा भाग किती उंच तो स्टॅक, किती पुढे तो रीच. स्टॅक जास्त, रीच कमी म्हणजे तुम्ही जरा उभट बसणार. याला एन्ड्युरन्स जॉमेट्री म्हणतात आणि पहिल्या सायकलसाठी हीच घ्या. ट्रेकची डोमाने, जायंटची डिफाय, स्पेशलाइज्डची रूबे या त्या पंगतीतल्या, आणि बजेटमध्ये डेकॅथलॉनच्या ट्रायबन सायकलीसुद्धा आरामाकडे झुकलेल्याच. उलट एमोंडा, टीसीआर, टार्मॅक या रेसवाल्या, त्यांच्यावर पुढे वाकून बसावं लागतं, ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाची पाठ तासाभरात उत्तर देते आणि मग रनिंगच्या पहिल्या दोन किलोमीटरमध्ये कंबर आखडल्यावर सायकलवर कमावलेली मिनिटं तिथेच परत द्यावी लागतात.

दुकानात सायकल हातात आली की पार्किंगमध्ये एक गोल मारून परत येऊ नका. निदान अर्धा तास मागा, नाही दिली तर दुसरं दुकान. हात हूडवर (ब्रेक लिव्हरवरच्या रबरी पकडीवर) ठेवल्यावर कोपर थोडे वाकलेले रहायला पाहिजेत, ताठ झाले तर सायकल लांब आहे. पेडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला, आणि मागून मित्राला बघायला सांगा, कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट उंच आहे. दोन साईजच्या मध्ये अडकलात तर छोटी घ्या, पुढचा स्टेम (हँडल धरणारा छोटा दांडा) लांब लावून छोटी सायकल थोडी मोठी करता येते, मोठी छोटी करायला गेलं की सगळंच विचित्र होतं. बायकांसाठी एक खास गोष्ट, हँडलची रुंदी बघा. खांदे 38 सेंमी आणि हँडल 42 चं असेल तर मान दुखणार आणि दुकानात कुणी हे आपणहून सांगत नाही. हँडल बदलून मागा, सीटही. सायकलबरोबर आलेली सीट सहन करत बसण्यात काही पराक्रम नाही.

गिअरबद्दल लोक फक्त ग्रुपसेटचं, म्हणजे गिअर-ब्रेकच्या अख्ख्या संचाचं, नाव विचारतात. शिमानो कंपनीची उतरंड अशी, टूर्नी 7 स्पीड, क्लॅरिस 8, सोरा 9, टियाग्रा 10, मग 105, अल्टेग्रा आणि ड्युरा-एस, आणि क्लॅरिस, सोरा, टियाग्रा या तिघांच्या जागी आता हळूहळू शिमानोचंच क्यूज येतंय. बजेट असेल तर सोरा किंवा टियाग्रा मस्त, 105 असेल तर पुढची कित्येक वर्षं बघायला नको, आणि क्लॅरिसवर हाफ आयर्नमॅन आरामात होते. टूर्नीत गिअर बदलायला अंगठ्याचं बटण असतं ते हात ड्रॉपवर, म्हणजे हँडलच्या खालच्या वळणावर, असताना पोचत नाही, एवढ्यासाठी शक्य असेल तर एक पायरी वर जा.

पण नावापेक्षा दात मोजा. पुढे 50/34 म्हणजे कॉम्पॅक्ट पाहिजे, मागे कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) 11-32 किंवा 11-34 मिळाली तर सोनं. का ते बघा. सिंहगडाच्या वरच्या टप्प्यात ताशी 8 किमीने चढताय असं धरू. पुढे 34 मागे 32 असेल तर पाय मिनिटाला साठ वेळा फिरतात. तोच वेग, मागे 28 असेल तर बावन्न-त्रेपन्न, म्हणजे प्रत्येक फेरीत गुडघ्यावर जास्त जोर. आठवड्यातून एकदा कात्रज, बोपदेव नाहीतर कोल्हापूरकरांचा पन्हाळा-जोतिबा करायचा असेल तर हा फरक रेसच्या दिवसाआधीच प्रॅक्टिसमध्ये गुडघे वाचवतो. 28 ची कॅसेट लावून आली असेल तर बदलता येते, फक्त मागच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाला) 32 झेपतो का ते घेण्याआधी विचारा, नंतर डिरेलरही बदलायचा खर्च अंगावर येतो.

टायर 28 मिमी रुंदीचे घ्या. बारीक टायर पळतो हा समज जुना झाला. आपल्या रस्त्यांवर 28 कमी दणके देतो, पंक्चर कमी, आणि वेगात कळण्याइतका फरक नाही. जुन्या रिम ब्रेकवाल्या (चाकाच्या कडेवर दाबणारे ब्रेक असलेल्या) फ्रेममध्ये 28 कधीकधी घासतो म्हणून जागा आहे का ते बघा. हवा 70 किलोच्या माणसाला 75-80 पीएसआय पुरते, दगडासारखी टाईट करू नका. व्हॉल्व्ह प्रेस्टा असतो, पेट्रोल पंपावरचं नोझल त्याला बसत नाही, पितळी अडॅप्टर मिळतो तो दोन-तीन घेऊन ठेवा कारण ते हरवतातच. घरी मात्र मीटरवाला फ्लोअर पंप पाहिजेच.

डिस्क की रिम ब्रेक यावर लोक भांडत बसतात. पावसाळ्यात घाट उतरणार असाल तर डिस्क, नाहीतर चांगला रिम ब्रेकही पुरतो, हलका असतो, दुरुस्ती कोपऱ्यावरचा सायकलवालाही करतो. हायड्रॉलिक डिस्क असेल तर चाक काढलेलं असताना ब्रेकचा लिव्हर दाबायचा नाही, पॅड मिटतात. सायकल खोलून बसच्या डिकीतून गोव्याला नेताना हे हमखास होतं, पॅडच्या मधे प्लॅस्टिकचा तुकडा घालून ठेवा.

आणि हो, ते कार्बन. फ्रेम अॅल्युमिनियम आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) कार्बन हे कॉम्बिनेशन शोधा, बस्स. पूर्ण कार्बनने एक-दीड किलो वाचेल, घाटात थोडं जाणवेल, सपाट रस्त्यावर जवळजवळ नाहीच. सपाटीवर लढाई हवेशी असते आणि हवेला अडवणारी मुख्य वस्तू तुम्ही स्वतः आहात, सायकल नाही. कोपर वाकवून, डोकं खाली घेऊन ड्रॉपमध्ये अर्धा तास बसता आलं तर ते फुकटचं एरो, म्हणजे हवा कापणं, आहे. 90 किमीला ताशी 27 च्या ऐवजी 30 ने गेलात तर वीस मिनिटं वाचतात, आणि ती वीस मिनिटं प्रॅक्टिस, पोझिशन आणि वेळेवर खाण्यातून येतात.

पैशाचा हिशोब साधारण असा. तीस-पन्नास हजारात सुरुवातीची नवी रोडबाईक, साठ ते नव्वदमध्ये सोरा-टियाग्रावाली, 105 म्हटलं की लाखाच्या पुढे. जेवढं बजेट आहे त्यातले पंधरा-वीस टक्के सायकलीबाहेर ठेवा: हेल्मेट, पॅडवाली शॉर्ट किंवा ट्रायसूट (पोहणं, सायकल, पळणं तिन्हीला चालणारा एकच पोशाख), दोन बॉटल केज, सीटखालच्या पाऊचमध्ये ट्यूब-लिव्हर-छोटा पंप, पुढे-मागे लाईट, चेन ऑईल. आणि बाईक फिट, म्हणजे सीट-हँडल तुमच्या शरीराला जुळवून घेणं. हो, पैसे देऊन फिट करून घ्या, चाळीस हजाराची फिट केलेली सायकल लाखाच्या बिनफिटवालीपेक्षा जास्त अंतर नेते.

सेकंडहँड घ्यायला माझी पूर्ण हरकत नाही, उलट दरवर्षी रेसचा हंगाम संपला की कितीतरी सायकली जेमतेम वापरून विकायला निघतात. चेन चेकरने चेन मोजा, खूप ताणलेली असेल तर कॅसेटही गेलेली असणार, तेवढे पैसे कमी करायला लावा. क्रँक धरून आडवा हलवा, खडखड आली तर बॉटम ब्रॅकेट (क्रँकचं बेअरिंग) गेलेलं. मागून बघा डिरेलर चाकाला समांतर आहे का, हँगर (डिरेलर फ्रेमला अडकवणारा तुकडा) वाकलेला असेल तर गिअर कधीच नीट लागणार नाहीत. सीटपोस्ट वरखाली होतो का बघा, वर्षानुवर्षं घाम पिऊन तो फ्रेमला चिकटलेला असतो. कार्बन असेल तर कुठे पडली होती ते सरळ विचारा आणि हेडट्यूब, क्रँकच्या आजूबाजूला बॅटरी मारून भेगा शोधा, आणि शंका आली तर सोडून द्या. बिल मागा, चोरीच्या सायकली फिरत असतात.

क्लीट पेडल, म्हणजे बुटाच्या तळाची क्लीट ज्यात अडकते ते, लगेच नको. पहिला महिनाभर साध्या पेडलवर चालवा, मग एमटीबीचे (माउंटन बाईकचे) एसपीडी पेडल घ्या, त्यांचे क्लीट बुटाच्या आत दबलेले असतात त्यामुळे ट्रान्झिशनमध्ये (रेसमध्ये एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना) पळता येतं. क्लिप-ऑन एरोबार, म्हणजे रोडबाईकच्या हँडलला वरून लावायचे ते लांब दांडे, त्यांचंही तसंच, तीन-चार महिने झाल्यावर, आणि लावल्यावर शरीर पुढे खेचलं जातं म्हणून सीट थोडी पुढे घ्यावी लागते, फिटरला तेव्हा परत भेटा. ड्राफ्टिंगला (दुसऱ्याच्या अगदी मागे राहून हवा चुकवण्याला) परवानगी असलेल्या रेसमध्ये या बारवर बंधनं असतात, आयर्नमॅनसारख्या रेसमध्ये बार चालतात पण पुढच्यामागे 12 मीटर अंतर ठेवावं लागतं.

सायकल रेसच्या निदान तीन महिने आधी हातात पाहिजे. नव्या केबल सुरुवातीच्या काही राईडमध्ये ताणतात, महिन्याभराने फ्री सर्व्हिसिंग मागून घ्या. त्या तीन महिन्यांत आठवड्यातून एकदा तरी सायकलवरून उतरून लगेच पंधरा मिनिटं पळा, पाय पिठाचे झाल्यासारखे वाटतात ते रेसच्या दिवशी पहिल्यांदा वाटू नये. रेसच्या आठवड्यात नवा टायर, नवी सीट, नवे बूट काहीही नाही. आणि चेक-इनला (रेसआधी सायकल जमा करायला) जाण्याआधी हँडलच्या दोन्ही टोकांना प्लग आहेत का बघा, नसतील तर सायकल आत घेत नाहीत. हेल्मेटचा बकल स्टँडवरून सायकल काढायच्या आधी लावायचा, माउंट लाईन (जिच्या पुढे सायकलवर बसायची परवानगी असते ती रेघ) ओलांडल्यावरच बसायचं, हे घरासमोरच्या गल्लीत दोन-चारदा करून बघा.