मांडवातले पिवळे फोटो असे सुधारा

रात्रीचं लग्न. मांडवात पिवळे बल्ब, ओसरीत पांढरी ट्यूब, डोक्यावर लाल-पिवळं कापड. फोटोत सगळे पाहुणे कावीळ झाल्यासारखे दिसतात. उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका तो पिवळा. पिवळ्या बल्बचा उजेड साधारण २७०० केल्व्हिनचा, पांढऱ्या एलईडीचा ६५०० च्या आसपास. आपला डोळा दोन्ही सांभाळून घेतो, मोबाइल गोंधळतो.

निम्मं काम फोटो काढतानाच करा. उजेड एकाच जातीचा ठेवा, बल्ब तरी बंद नाहीतर ट्यूब. नवरीला रंगीत कापडाखालून बाहेर आणा, त्याचा रंग चेहऱ्यावर उतरतो. मग मोबाइल कॅमेऱ्याच्या ‘प्रो’ मोडमध्ये व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणारी सेटिंग) ऑटोवरून काढा. नुसते बल्ब असतील तर २८००, पांढऱ्या एलईडीला ६००० ते ६५००. ‘रॉ’ची (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) सोय असेल तर तीही सुरू करा, नंतर रंग हलवायला मोकळीक मिळते.

फोटो आधीच काढलेले असतील तर स्नॅपसीड या फोटो सुधारायच्या ॲपमध्ये उघडा, टूल्समधून व्हाइट बॅलन्स घ्या आणि ड्रॉपर (रंग उचलायचं चिन्ह) अशा जागी टेकवा जी मुळात राखाडी किंवा पांढरी आहे. गडबड होते ती इथेच. आजोबांचं धोतर पांढरंशुभ्र दिसतं, पण त्याला नीळ दिलेली असते. त्यावर ड्रॉपर ठेवला की फोटो आणखी पिवळट. स्टीलचा गंज (पातेलं) आजूबाजूचे रंग उचलतो. बल्बजवळच्या पांढऱ्याफटक भागात तर रंगाची माहितीच उरलेली नसते. रंग न दिलेला सिमेंटचा गिलावा सगळ्यात बरा. तो नसेल तर पुढच्या वेळी फोटो काढतानाच नवरीच्या हाती मूठभर कापूस देऊन एक फोटो जास्तीचा घ्या (आपल्याकडे त्याची काय कमी!) आणि नंतर ड्रॉपर त्यावर टेकवा, मग तोच बदल त्याच उजेडातल्या बाकीच्या फोटोंना द्या. कापूस किंचित पिवळसर असतो, त्यामुळे फोटो निळसर वाटला तर टेम्परेचर (निळा-पिवळा कमीजास्त करायची पट्टी) थोडं उजवीकडे न्या.

ट्यूबखाली चेहरे हिरवट आले असतील तर टेम्परेचरशी खेळू नका, टिंट (हिरवा-गुलाबी पट्टी) गुलाबीकडे सरकवा. अर्धा चेहरा पिवळा, अर्धा निळा असेल तर ब्रशमधलं टेम्परेचर घेऊन तेवढाच भाग रंगवा. वेळ लागतो, म्हणून ते नवरा-नवरीच्या फोटोपुरतंच ठेवा.

हळदीच्या फोटोत मात्र हात आवरा. अंगावरची हळद फिकी पडेपर्यंत पिवळेपणा काढला तर काय उरलं?

झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकाचे फोटो वेगळेच. रंगमंचावर नुसता लाल किंवा निळा एलईडी असला की त्या उजेडात बाकीचे रंग नसतातच, मग ते ॲपमध्ये कुठून येणार? असा फोटो सरळ ब्लॅक अँड व्हाइट करून टाका.