मेंढरात चरबी कुठं साठते हे हातानं ओळखून मेंढा निवडायचा कसा

मेंढा घेताना आपल्याकडं माणूस आधी नाक बघतो, मग उंची, मग कानांची लांबी. आटपाडीच्या कार्तिकी यात्रेत राघूच्या चोचीसारखं नाक असलेल्या माडग्याळ जातीच्या मेंढ्याभोवती गर्दी कशी जमते ते ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पण त्याच मेंढ्याच्या कमरेवर हात ठेवून बघणारा माणूस क्वचित दिसतो. मी हातकणंगले तालुक्यातल्या धनगराच्या घरातला. पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्तीनंतर घरची बंदिस्त मेंढरं सांभाळतो. नव्यानं मेंढीपालनात उतरणारी पोरं माझ्याकडं येतात आणि "काका, खुराक किती घालू?" हा प्रश्न पहिला विचारतात. मी त्यांना आधी मेंढरांची जात विचारतो. चरबी किती साठणार हे बऱ्याच अंशी खुराक ठरवतो. ती कुठं साठणार, कोणत्या वजनाला साठायला लागणार आणि उपासमारीत कशी वापरली जाणार, यात मात्र रक्ताचा वाटा मोठा असतो.

हात बसवायला शिका

मेंढरू सपाट जागी चारी पायांवर मोकळं उभं राहू द्या. एकानं हनुवटीखाली हलकं धरावं. आवळून धरलं की ते पाठ ताठ करतं आणि हाताला चुकीचं लागतं. आता शेवटची बरगडी शोधा. तिच्या मागं आणि कमरेच्या हाडाच्या पुढं जी मोकळी जागा लागते, तिथंच तपासायचं. मणक्याची वर आलेली टोकं अंगठ्यानं चाचपा. बाजूला आडवी गेलेली टोकं बोटांनी दाबा आणि बोटं त्यांच्या खाली जातात का बघा. मग या दोन्हींच्या मधला मांसाचा खड्डा भरलेला आहे का ते बघा.

हाताला जे लागलं त्यावरून १ ते ५ अंक द्यायचा, १ म्हणजे अगदी रोड आणि ५ म्हणजे अगदी जाड. वरची टोकं टोचतात, बोटं आडव्या टोकांखाली सरळ जातात, मधे खड्डा आहे, तर अंक १. टोकं लागतात पण बोथट झालीत, बोटं जरा दाबून खाली जातात, तर २. वरची टोकं दाबल्यावरच जाणवतात, आडवी टोकं झाकलेली, मधला भाग भरलेला, तर ३. चांगलं दाबूनही वर फक्त एक रेघ लागते, तर ४. काहीच लागत नाही, पाठीच्या मधोमध उलट खाच पडलीय, तर ५. अर्धे अंक द्यायला हरकत नाही. लोकर असलेल्या दख्खनी मेंढरात हे डोळ्यांनी करू नका. लोकर वाढलेली दोनची मेंढी लांबून तीनची दिसते.

माद्यांना मेंढा लावताना आणि विताना तीनच्या आसपास असावं, दोनच्या खाली जाऊ देऊ नये.

हा आकडा सगळ्या जातींना सारखा लागू नाही

या पद्धतीचा शरीरातल्या खऱ्या चरबीशी कितपत मेळ बसतो हे स्कॉटलंडच्या संशोधकांनी १९६९ साली तपासून मांडलं, ते स्कॉटिश ब्लॅकफेस मेंढ्यांवर. मेळ चांगला बसला. पण तो त्या जातीचा मेळ. मेंढरात चरबी चार ठिकाणी असते: आत किडनी आणि आतड्यांभोवती, स्नायू आणि स्नायू यांच्या मधे, कातड्याखाली, आणि मांसाच्या धाग्यांच्या आत. वाढत्या कोकरात साधारण याच क्रमानं ती भरत जाते. आपला हात यातलं फक्त कातड्याखालचं आणि थोडं मांस ओळखतो.

मांसासाठी पिढ्यानपिढ्या निवडलेल्या जाती, उदाहरणार्थ सफोक, कातड्याखाली जास्त ठेवतात. फिनशीप किंवा रोमानोव्हसारख्या भरपूर पिल्लं देणाऱ्या जाती पोटात जास्त ठेवतात. त्यामुळं दोन जातींच्या मेंढ्यांना तुम्ही तीनच अंक दिला तरी एकीच्या पोटात दुसरीपेक्षा कितीतरी जास्त चरबी असू शकते.

आपल्या कळपाचं काय, हे कळायला सोपा मार्ग आहे. जनावर विकलं की विकण्यापूर्वी दिलेला अंक वहीत लिहा आणि खाटकाकडं कापताना उभे राहा. किडनीभोवतीची चरबी वेगळी काढून वजन करायला सांगा, पाठीवरचा थर बघा, दोन्ही त्या अंकाशेजारी लिहा. थोडी जनावरं झाली की तुमच्या रक्ताच्या मेंढरांत तीनचा अर्थ काय ते तुम्हाला कुठल्याही पुस्तकापेक्षा बरं कळेल. माझ्या घरच्या दख्खनीत पाठ फारशी भरलेली नसताना किडन्या पांढऱ्या झाकलेल्या निघाल्या आहेत. म्हणून पाठ भरेपर्यंत खुराक चालू ठेवायचा हा हट्ट मी त्यांच्या बाबतीत धरत नाही.

वजन बघताना मोठेपणीचं वजन डोक्यात ठेवा

वाढीत आधी हाड, मग मांस, मग चरबी. कोणत्या वजनाला चरबी जोर धरते ते त्या जातीचं मोठेपणीचं वजन ठरवतं. समजा तुमच्याकडची पूर्ण वाढलेली दख्खनी मेंढी ३० किलोची आहे, आणि माडग्याळ रक्ताची ४५ किलोची. २० किलोचं कोकरू पहिल्या घरात दोन तृतीयांश वाढून बसलंय, दुसऱ्या घरात निम्मंही झालेलं नाही. दोघांना एकाच गव्हाणीत मक्याचा भरडा घातला तर पहिलं चरबी करायला लागेल आणि दुसरं अजून मांस बांधत असेल. स्नायूत तीन चतुर्थांश पाणी असतं, चरबीत पाणी फार थोडं. म्हणून चरबीचा एक किलो बनवायला खुराक कितीतरी जास्त जातो आणि तुमचा नफा तिथं संपतो.

याच कारणानं लहान चणीची जनावरं लवकर विका, मोठ्या चणीची थोडी थांबवा. एकाच वजनाला मादी सगळ्यात चरबट, खच्ची केलेला नर त्याखालोखाल आणि न खच्ची केलेला नर सगळ्यात कमी, हेही धरून चाला.

खुराकाबद्दल एवढंच सांगतो. गळीत हंगामात आपल्याकडं उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) मुबलक असतं आणि लोक वाढं व मका यांवर कोकरं पोसतात. त्यात प्रथिनं कमी पडतात. मांस बांधायला माल नाही आणि ऊर्जा भरपूर, म्हणजे ती चरबीत जाते. सोबत शेंगदाणा पेंड, भुईमुगाचा पाला, शेवरी, सुबाभूळ यांतलं काहीतरी पाहिजेच. धान्य हळूहळू वाढवा आणि आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होऊन मेंढरू अचानक मरतं, त्या आजाराची) लस चुकवू नका.

जुळी देणारं रक्त असेल तर

इथं मी जरा जास्त थांबणार आहे, कारण यात मेंढ्या मरतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनी रक्तात आणून नारी सुवर्णा ही जुळी देणारी मेंढी तयार केली. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनोत सापडलेला जनुक तोच. आपल्या भागातही आता हे रक्त आलंय आणि त्याचं स्वागतच आहे. पण जुळी पोटात असलेली मेंढी शेवटच्या सहा आठवड्यांत अंगची चरबी झपाट्यानं काढते. याच काळात पिल्लांची बहुतेक वाढ होते. गर्भाशय पोटातली जागा खातं, चारा मावत नाही. मग चरबी यकृताकडं इतक्या वेगानं येते की ती पूर्ण जळत नाही, रक्तात कीटोन, म्हणजे अर्धवट जळालेल्या चरबीतून होणारे पदार्थ, साठतात. अशी मेंढी कळपापासून वेगळी उभी राहते, आंधळ्यासारखी भिंतीला धडकते, दात खाते, बसली की उठत नाही, तोंडाला गोडसर वास येतो.

अगदी रोडकी मेंढी यात सापडते हे लोकांना पटतं. जाड मेंढीही तितकीच सापडते हे पटत नाही. पोटात आधीच चरबी असेल तर चाऱ्याला जागा आणखी कमी, आणि सुटायला चरबी जास्त. म्हणून पोटात चरबी ठेवणाऱ्या रक्ताच्या मेंढ्यांना गाभणपणात चारपर्यंत नेऊ नका. गर्भकाळ साधारण पाच महिन्यांचा. मेंढा लावल्याची तारीख लिहिलेली असेल तर साडेतीन महिन्यांनंतर दोन वेळचा थोडा थोडा खुराक सुरू करा. याच टप्प्यावर जाड मेंढीला उपाशी ठेवून बारीक करायला जाल तर आजार तुम्हीच आणाल. लक्षण दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

दुंबा आणि डॉर्पर

दुंब्याच्या शेपटीतली चरबी म्हणजे त्याचं कोरड्या दिवसांचं कोठार. जगातल्या सुमारे पाव मेंढ्या अशा जाड शेपटीच्या आहेत. हा गुण कुठून येतो ते शोधताना बीएमपी२ आणि पीडीजीएफडी हे जनुक वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा समोर आले. दुंब्याची नुसती कंबर चाचपून अंक देऊ नका, शेपटीच्या मुळाशीही हात लावा. त्याचं कंबरडं दोनचं असून शेपूट भरलेलं असू शकतं. आणि विकत घेताना हे लक्षात असू द्या की वजनकाट्यावर ती शेपूटही तुम्ही मोजून घेताय. कोल्हापुरातलं मटणाचं गिऱ्हाईक शेपटीची चरबी मागत नाही. बकरी ईदचा बाजार डोळ्यासमोर असेल तरच दुंबा पाळा. दुंबा माद्यांना आपला बारीक शेपटीचा मेंढा लावायचा तर शेपूट बाजूला धरायला माणूस लागतो.

डॉर्पर ही दक्षिण आफ्रिकेतली जात, डॉर्सेट हॉर्न आणि ब्लॅकहेड पर्शियन यांच्या संकरातून झालेली. वाढ जोमदार, पण चरबी लवकर धरते. तिच्या संकरातल्या कोकरांना आपल्या नेहमीच्या वजनापर्यंत ओढू नका, दर आठवड्याला हात लावत राहा आणि तीनला विका.

पिवळी चरबी निघाली तर

नॉर्वेतल्या मेंढ्यांत बीसीओ२ नावाच्या जनुकात बिघाड असला की हिरव्या चाऱ्यातला पिवळा रंग मोडला जात नाही आणि चरबी पिवळी होते. आई आणि बाप दोघांकडून तो आला तरच दिसतो. पण आपल्याकडं पिवळं दिसलं की आधी कावीळ धरा. डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या आणि कापल्यावर शिरा पिवळ्या असतील तर ते मांस विकू नका आणि कळप डॉक्टरांना दाखवा. गोचिडातून होणारे रक्ताचे आजार किंवा तांब्याची विषबाधा त्यामागं असू शकते.

आता मेंढा

पाठीवरच्या चरबीच्या थरातला साधारण पाव ते तिसरा हिस्सा फरक आईबापाच्या रक्तातून येतो. म्हणजे निवडीनं तो बदलतो, पण सावकाश. टेक्सेलसारखी जात मांसाळ आहे ती मांसवाढीला लगाम घालणाऱ्या जनुकातल्या बदलामुळं. तो बदल २००६ साली उलगडला. आपल्याला तशी तपासणी दारात मिळत नाही, वही मात्र मिळते. मेंढा घ्यायच्या आधी त्याच्या भावंडांना हात लावायला मागा. एकाच कळपात, एकाच चाऱ्यावर, सारख्या वयाची पोरं बघा. ज्याचं वजन जास्त आणि अंक मधला, तो घ्या. जास्त वजन आणि अंक साडेचार असलेला मेंढा जत्रेत देखणा दिसतो, पण विक्रीआधी दोन महिने त्याला काय चारलंय ते त्यात दिसतं. त्याचं रक्त त्यात दिसत नाही. असा मेंढा घ्यायचाच असेल तर त्याच्या आईच्या कमरेवर हात ठेवू द्या म्हणावं, ती दूध पाजत असतानाच. दोन पिल्लं पाजूनही जी मेंढी अडीचच्या खाली गेली नाही, तिचा मुलगा मी दोन पैसे जास्त देऊन घेतो.