डिझेल कॅम्परमध्ये दोन बॅटऱ्या: चालत्या इंजिनावर घरची बॅटरी चार्ज कशी करायची

ट्रॅव्हलर नाहीतर विंगरसारखी व्हॅन घेऊन तिची कॅम्पर, म्हणजे आत झोपता-राहता येईल अशी गाडी, करून घेणारे आता बरेच दिसतात, आणि सगळ्यांची गाडी एकाच प्रश्नावर अडते, फ्रीज पंखा लाइटसाठी दुसरी बॅटरी, म्हणजे घरची बॅटरी, टाकली खरी पण ती भरायची कशी. गॅरेजवाला म्हणतो एक रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) टाकतो, दोन वायरी मागे ओढतो, काम झालं. जुन्या गाडीत आणि जुन्या बॅटरीत हे चालून जायचं, आता बऱ्याचदा चालत नाही, का ते खाली येतंच.

आधी एक पक्कं करा, सेल्फच्या बॅटरीला, म्हणजे इंजिन चालू करणाऱ्या पुढच्या बॅटरीला, घरच्या कामासाठी हात लावायचा नाही. डिझेल इंजिनाचं कॉम्प्रेशन जास्त म्हणून सेल्फ काही सेकंद शेकडो ॲम्पियर खेचतो, थंड इंजिन तापवणाऱ्या ग्लो प्लगचे वेगळे, आणि ती बॅटरी त्या एका झटक्यासाठीच बनवलेली असते. रात्रभर फ्रीजवर उतरवत राहिलात तर लवकरच बाद होते, आणि ती सुद्धा अशा ठिकाणी की जिथे ढकलायला माणूस मिळत नाही.

घरची बॅटरी म्हणून इन्व्हर्टरची १५० एएच (ॲम्पियर-तास) ट्युब्युलर लेड ॲसिड बॅटरी बाकाखाली टाकायची पद्धत आहे, स्वस्त मिळते म्हणून. माझं मत विचाराल तर नको. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते आणि तुम्ही त्याच बाकावर झोपणार, घाटात ॲसिड हिंदकळतं, वजन पन्नास किलोच्या वर, आणि निम्म्याखाली वारंवार उतरवली की आयुष्य घटतं म्हणजे वापरायला ७५ एएचच. १०० एएचची लिथियम फॉस्फेट १०-१२ किलोची असते आणि तिच्यातले ८० बिनधास्त वापरता येतात.

आता रिलेचं. व्होल्टेज बघणारा रिले साधारण १३.३ व्होल्टला दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि १२.८ च्या आसपास तोडतो. दोन्हीकडे लेड ॲसिड असेल तर हिशोब बरोबर, कारण इंजिन बंद झालं की ती १२.६-१२.७ वर येऊन बसते आणि रिले सुटतो. पण भरलेली लिथियम नुसती पडून असताना सुद्धा १३.३ च्या आसपास असते, म्हणजे इंजिन बंद करून तुम्ही चहा पीत बसलात तरी रिलेला वाटतं अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा) चालूच आहे, तो सुटत नाही आणि दोन्ही बॅटऱ्या एकमेकींना बांधलेल्या राहतात. दुसरं म्हणजे आताच्या काही बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटरचं व्होल्टेज ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, ठरवतो, सपाट रस्त्यावर डिझेल वाचवायला ते साडेबाराच्या आसपास आणतो आणि ब्रेक मारला की वर नेतो, तिथे हा रिले नुसता चालू-बंद चालू-बंद करत बसतो. तिसरं सगळ्यात महागाचं. लिथियमचा आतला रोध फार कमी, अल्टरनेटर जेवढं देईल तेवढं ती घेते, आणि ट्रॅफिकमध्ये इंजिन मंद फिरत असताना अल्टरनेटरचा स्वतःचा पंखाही मंदच फिरतो, मग तो तापून जळू शकतो. वर चार्ज होता होता बीएमएसने, म्हणजे लिथियमच्या आतल्या संरक्षक सर्किटने, अचानक लाइन तोडली तर व्होल्टेजचा जो झटका येतो त्यात अल्टरनेटरचे डायोड जातात.

म्हणून मधे डीसी-डीसी चार्जर टाका. तो ठरलेलेच ॲम्पियर घेतो, समोर कितीही व्होल्टेज आलं तरी मागच्या बॅटरीला पाहिजे तेच देतो. किती ॲम्पियरचा घ्यायचा ते अल्टरनेटरच्या पट्टीवरचा आकडा बघून ठरवा, पावसात रात्री वायपर हेडलाइट एसी ब्लोअर सगळं चालू असताना गाडीलाच किती लागतं ते आधी वजा करा, आणि माझ्या मते पट्टीवरच्या आकड्याच्या निम्म्याला पोचूच नका. बहुतेकांना ३० ॲम्पियरचा पुरतो.

पैसे वाचवायला लोक नेमकी वायर निवडतात आणि तिथेच फसतात. ३० ॲम्पियर १४.२ व्होल्टला म्हणजे ४२६ वॅट, चार्जर स्वतः थोडं खातो, म्हणून पुढून ३५ ॲम्पियर तरी येणार. पुढून मागे ५ मीटर आणि परतीचे ५ मीटर धरले तर घरच्या वायरिंगची ६ स्क्वेअर एमएम वायर जवळजवळ एक व्होल्ट खाते, १६ ची ०.४ च्या आत आणि २५ ची पाव व्होल्ट. एक व्होल्ट खाल्ला की चार्जरला वाटतं पुढची बॅटरी उतरली, तो बंद होतो, लोड गेला की व्होल्टेज चढतं, परत चालू, आणि लोक चार्जर बदलायला निघतात. तांब्याची बारीक तारांची वेल्डिंग केबल चालते, टोकाचे लग मात्र नीट हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घ्या, हातोडीने ठोकून नाही.

फ्यूज दोन्ही टोकांना, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे. ३० च्या चार्जरला ६० ॲम्पियरचा, बॅटरीपासून वीतभर अंतरात. चेसिसला घासून वायरचं इन्सुलेशन गेलं आणि फ्यूज नसला तर आग लागते, म्हणून पत्र्यातून जिथे वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट. मायनस पुढच्या बॅटरीच्या टर्मिनलला थेट लावू नका, तिथे सेन्सर असेल तर ईसीयूचा हिशोब चुकतो, चेसिसच्या अर्थ पॉइंटला लावा. चार्जरला इंजिन चालू झाल्याचा सिग्नल इग्निशनवरून द्या, नुसत्या व्होल्टेजवर सोडू नका. लिथियमसाठी चार्जिंगचं सेटिंग १४.२ व्होल्ट, भरल्यावरचं फ्लोट १३.५, आणि इक्वलायझेशन (लेड ॲसिडसाठीचं जास्त व्होल्टेजचं चार्जिंग) असेल तर बंद.

बसच्या चेसिसवर केलं असेल आणि गाडी २४ व्होल्टची असेल तर दोनपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायची आपल्याकडची जुनी सवय सोडा, एक कायम उपाशी राहते आणि दुसरी ओव्हरचार्ज होते. २४ ते १२ चा चार्जर मिळतो.

सगळं जोडल्यावर इंजिन चालू ठेवून, पूर्ण लोडवर, मल्टिमीटरने पुढच्या बॅटरीवर आणि चार्जरच्या इनपुटवर मोजा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर कुठलातरी लग गरम असणार.

हिशोब सोपा आहे. कॉम्प्रेसर फ्रीज दिवसाला ४० एएच, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा १५-२०, लाइट मोबाइल पंप मिळून १०, म्हणजे ७० च्या आसपास, आणि पुणे ते मुंबई तीन तास गाडी चालली की ९० एएच परत. इंडक्शन या हिशोबात बसत नाही, १५०० वॅटला बॅटरीतून १३० ॲम्पियर जातात. एकाच जागी दोन-तीन दिवस थांबणार असाल तर छतावर २०० वॅटचं सोलर पॅनल आणि त्याचा एमपीपीटी चार्जर, स्वच्छ उन्हात ५०-६० एएच येतात, कोकणातल्या जुलैत मात्र ते धरूच नका. कॅम्पवर नुसतं इंजिन चालू ठेवून चार्ज करणं सगळ्यात वाईट, डिझेल जातं, बीएस-६ मधे डीपीएफ, म्हणजे धुराचं फिल्टर, काजळीने भरतं, आणि शेजारचे वैतागतात ते वेगळंच.

लडाख-स्पितीला नेणार असाल तर शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करायची नाही, बीएमएसमध्ये लो टेम्परेचर कटऑफ आहे का ते घेतानाच विचारा. मे महिन्यात विदर्भात उलटं, बंद गाडी आतून भट्टी होते, तेव्हा बॅटरीच्या कप्प्याला हवा खेळती ठेवा.

आणि एवढं करूनही सेल्फची बॅटरी उतरलीच, लाइट राहिला वगैरे, तर जंपर केबलने लिथियमवर सेल्फ मारू नका, बीएमएस तेवढा करंट देत नाही. घरच्या बॅटरीवर इन्व्हर्टर असेल तर त्यावर १० ॲम्पियरचा साधा बॅटरी चार्जर लावून तो पुढच्या बॅटरीला तासभर जोडा, बॅटरी धड असेल तर बहुतेक वेळा गाडी चालू होते.