बंधाऱ्यावरची काळी फुली

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावरून पडणारं पाणी दुधासारखं यावं म्हणून फोटो काढताना स्वस्तातला व्हेरिएबल एनडी फिल्टर लावला, म्हणजे प्रकाश अडवणारी गडद काच, जिची रिंग फिरवून गडदपणा कमी-जास्त करता येतो. लेन्स १८ एमएमवर, म्हणजे वाइडवर ठेवून रिंग शेवटपर्यंत फिरवली आणि आभाळात ही भली मोठी काळी फुली! आत दोन पोलरायझर, म्हणजे ठरावीक दिशेचाच प्रकाश सोडणाऱ्या काचा, एकावर एक. वाइड लेन्सवर हे व्हायचंच.

मग सरळ एकाच गडदपणाचा, ६ स्टॉपचा घेतला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). प्रकाश ६४ पट कमी, १/६० सेकंदाचं शटर (प्रकाश आत घ्यायचा वेळ) साधारण १ सेकंदावर येतं. बंधाऱ्याला तेवढं बास, धारा तरी दिसतात. रंकाळा तलाव काचेसारखा हवा असेल तर १० स्टॉप, म्हणजे १७ सेकंद. पण त्यातून डोळ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. आधी फोकस करा, मॅन्युअलवर टाका, मगच फिल्टर चढवा. मी उलटं केलं आणि अख्खी संध्याकाळ घालवली.