हेराल्डचा ढिला गियर लिव्हर आणि सस्पेन्शन: कोल्हापुरात काय काय करून घेता येतं

जुन्या हेराल्ड मोटारीला स्पोर्ट्स कारसारखं गियर आणि सस्पेन्शनचं काम करायचं म्हटलं की हेराल्ड कुठली आली स्पोर्ट्स कार, असं कोणतरी म्हणणारच, म्हणून आधीच सांगतो. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं १९६१ पासनं आपल्याकडं हेराल्ड बनवली, आणि ब्रिटनमधली ट्रायम्फ स्पिटफायर ही हेराल्डचीच चासी (खालचा सांगाडा) आखूड करून काढलेली दोन सीटची उघडी गाडी. पुढचे विशबोन (चाक धरणारे व्ही आकाराचे दांडे), मागचं आडवं पाट्याचं स्प्रिंग, गियरबॉक्सची रचना, सगळं एकाच घराण्यातलं. त्यामुळं स्पिटफायरवाले तिकडं जे काय करतात त्यातलं बरंच आपल्या गाडीला चालतं, आणि जे तयार मिळत नाही ते इथल्या शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपात मापावर करून मिळतं, हा आपल्या गावाचा खरा फायदा आहे.

पण नवीन काही लावायच्या आधी जुनी ढिलाई काढा. अर्ध्या लोकांना जे अपग्रेड हवं असतं ते खरं तर झिजलेले बुश (जोडांच्या आतल्या नळ्या) बदलल्यावरच मिळतं, वर पैसे घालायची गरजच उरत नाही. दुसरं म्हणजे कापाकापी नको, चासीवर वेल्डिंग नको, जे लावाल ते बोल्टवर लावा आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट चिठ्ठी लावून पिशवीत ठेवा. २०२१ च्या नियमाप्रमाणं ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि व्हीए सिरीजची नंबर प्लेट मिळते, पण गाडी मूळ रूपात असली पाहिजे, चासी, बॉडी, इंजिनात मोठे बदल केलेले चालत नाहीत. आज हौसेनं कापलं की उद्या त्या कागदाला मुकलात.

आता गियर. लिव्हर हातात डोलतोय, रिव्हर्स शोधत बसावं लागतंय, ठराविक स्पीडला लिव्हर किर्रर्र वाजतोय, ही सगळी लक्षणं बहुतेकदा लिंकेजची, म्हणजे लिव्हर आणि गियरबॉक्सच्या मधल्या जोडांची. पण आधी एक टेस्ट करा, इंजिन बंद ठेवून चारी गियर टाकून बघा. बंद असताना मऊ पडतात आणि चालू केल्यावर कडकड करतात तर लिव्हरचा काही दोष नाही, क्लच पूर्ण सुटत नाहीये, क्लचचे मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर बघा. आणि पहिल्या गियरला हेराल्डमध्ये सिंक्रो (गियर पडताना स्पीड जुळवणारी कडी) नाहीच, चालत्या गाडीत पहिला टाकला की ओरडणारच, ते बिघाडात धरू नका.

काम गाडीच्या आतनं होतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पुढच्या सीटा काढा (नाही काढल्या तरी जमतं पण कंबर राहत नाही), कार्पेट उचला, लिव्हरचा गोळा आणि रबरी बूट काढा, मग मधला बोगदा म्हणजे टनेल कव्हर स्क्रू काढून उचलायचं. हे कव्हर पुठ्ठ्यासारखं असतं आणि इतक्या वर्षांत ओलीनं फुगून कडा झडलेल्या असतात, जपून उचला. खाली गियरबॉक्सच्या डोक्यावर मागं आलेला एक लांब भाग दिसेल, लिव्हर त्यावर बसतो आणि आतल्या दांड्यानं पुढं गियर निवडतो. लिव्हरच्या बुडाशी टोपी, स्प्रिंग आणि नायलॉनची वाटी, पुढं दांड्याच्या जोडावर बोल्ट आणि बुश, सगळी ढिलाई या दोन-तीन जागीच साठते. लिव्हर एका हातानं हलवा आणि दुसऱ्या हाताचं बोट प्रत्येक जोडावर ठेवा, कुठला जोड आधी नुसता हलतो आणि मग दांडा हलतो ते लगेच कळतं. उघडताना प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा, रिव्हर्सचा स्टॉप सोडायच्या आधी त्याच्या जागेला पंचनं खूण करा.

तयार बुश किट ब्रिटनहून मागवता येतं. नाहीतर जुने बुश, बोल्ट आणि ज्यात बुश बसतो तो भाग, तिन्ही घेऊन शिवाजी उद्यमनगरात जा. नुसता जुना बुश दाखवला तर टर्नर झिजलेल्या मापाचाच नवा काढून देईल, त्याची चूक नाही, तुम्ही दाखवलं तेच त्यानं केलं. बोल्टपण व्हर्नियरनं तीन ठिकाणी मोजा, मधे बारीक झाला असेल तर नवा बुश घालून काही उपयोग नाही. गाडीवरचे आटे बहुतेक यूएनएफ म्हणजे इंची मापाचे आहेत, मेट्रिक बोल्ट दोन फेरे जातो आणि मग अडतो, तिथंच थांबा, पाना लावून रेटू नका.

मटेरियल काय घ्यायचं हे आपल्या हवेत महत्त्वाचं. साधा नायलॉन स्वस्त, पण पाणी पितो आणि फुगतो. उन्हाळ्यात टाईट मापाचा बसवलेला बुश जुलैत गियर इतका जड करतो की माणूस गियरबॉक्स उतरवायच्या गोष्टी करायला लागतो. डेलरिन नावाचं कडक प्लास्टिक मागा, ते पाणी फारच कमी घेतं आणि लेथवर मापात येतं. पितळ टिकाऊ, पण गियरबॉक्सचा सगळा आवाज लिव्हरमधनं हातात येतो, मला ते आवडत नाही.

शॉर्ट शिफ्टरचं खूळ बऱ्याच जणांना असतं, त्याचं गणित सोपं आहे. समजा लिव्हर टेकूच्या वर २५० मिमी आणि खाली ५० मिमी आहे, तर खालचं टोक १० मिमी हलवायला गोळा ५० मिमी हलवावा लागतो. वरनं ५० मिमी कमी केलं की गोळा ४० मिमी हलतो, म्हणजे हालचाल २० टक्के कमी, पण हाताला जोर २५ टक्के जास्त. या जुन्या बॉक्सचे सिंक्रो नाजूक आहेत, जोरानं आणि झटक्यानं टाकलं तर तेच आधी जातात. थोडा आखूड चालेल, फार नको, आणि मूळ लिव्हर कापू नका, दुसरा करून घ्या. बंद करायच्या आधी गियर ऑइल बघा, ईपी ९० हवं, आणि डब्यावर जीएल-४ असलेलं घ्या, जीएल-५ मधली केमिकलं पितळी भागांना त्रास देऊ शकतात.

सस्पेन्शन. हेराल्डचं पुढचं काम करायला मजा येते, कारण बॉनेट मडगार्डसकट पुढं उलटतं आणि टायरवर बसून काम करता येतं. डॅम्पर म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर आणि कॉइल स्प्रिंग एकत्रच बाहेर येतं, वर तीन नट आणि खाली एक बोल्ट. मात्र स्प्रिंग सोडवायला कॉम्प्रेसर पाहिजे म्हणजे पाहिजेच, साखळी बांधून सोडणारे मिस्त्री आपण सगळ्यांनी बघितलेत, ते स्प्रिंग सुटलं तर दात पाडून छपरावर जातं.

या गाडीची खरी दुखरी नस म्हणजे ट्रनियन. चाकाचा उभा लिंक खालच्या टोकाला पितळी ट्रनियनमध्ये आट्यावर फिरतो, स्टेअरिंग वळवलं की तो स्क्रूसारखा वर-खाली होतो. यात ग्रीस नाही, गियर ऑइल भरायचं, ईपी ९०. ग्रीस वरच्या आट्यांपर्यंत पोचत नाही, मग ओल शिरते, आटे गंजतात आणि एक दिवस लिंक आट्यातच तुटून चाक आडवं पडतं. सर्व्हिसिंगवाल्याला निप्पल दिसलं की त्याचा हात ग्रीसगनकडं जातोच, त्यामुळं हे काम स्वतः करा. गनमध्ये ऑइल भरा, वरनं ओघळेपर्यंत मारा, निदान पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा.

ट्रनियन उघडलाच असेल तर लिंकचे आटे डिझेलनं धुवून क्रॅक टेस्ट करून घ्या. शिरोली, गोकुळ शिरगावला फाउंड्र्या आहेत, त्यामुळं लाल रंग मारून वर पांढरा डेव्हलपर फवारायची डाय पेनिट्रंट टेस्ट करणारं माणूस आपल्याकडं शोधावं लागत नाही. आट्याच्या मुळाशी लाल रेघ उमटली तर तो लिंक भंगारात. भरून, घासून परत वापरायची वस्तू नव्हे ती. एका बाजूचे आटे डावे आणि दुसऱ्या बाजूचे उजवे असतात, अदलाबदल करू नका, बसवताना पूर्ण आत फिरवा आणि एका फेऱ्याच्या आत मागं घ्या, दोन्हीकडं स्टेअरिंग पूर्ण फिरलं पाहिजे.

विशबोनचे बुश रबरी घ्यायचे का पॉली (पॉलियुरेथेनचे) हा वाद संपणारा नाही. माझं मत, गाडी रोज खड्ड्यातनं जाणार असेल तर विशबोनला रबर आणि अँटीरोल बार (वळणात गाडी झुकू नये म्हणून लावलेला आडवा दांडा) असेल तर त्याला पॉली. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळा. जॅकवर चाकं लोंबकळत असताना आवळले तर खाली उतरवल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

मागची बाजू म्हणजे हेराल्डची बदनामी जिथनं सुरू झाली ती. मागं स्विंग ॲक्सल आहेत, म्हणजे दोन्हीकडचे ॲक्सल डिफरन्शियलपाशी वेगवेगळे वर-खाली झुलतात, आणि डिफरन्शियलवर आडवं पाट्याचं स्प्रिंग. वळणात जोरात जाऊन घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू वर उचलते, बाहेरचं चाक खाली दुमडतं आणि गाडी शेपूट बाहेर काढते. यावर ट्रायम्फनं १९७० च्या स्पिटफायर मार्क फोरला स्विंग स्प्रिंग दिलं, त्यात फक्त सगळ्यात खालचा पाटा डिफरन्शियलला घट्ट, बाकीचे मधे झुलायला मोकळे. आपल्याकडं स्टँडर्डनं १९७२ च्या गॅझेलला तर हा प्रकार सोडून सरळ एकसंध मागचा ॲक्सल आणि दोन बाजूंना पाटे दिले. हेराल्डला स्विंग स्प्रिंग बसवता येतं, पण दोन गोष्टी लक्षात घ्या. त्यानं मागच्या बाजूची झुकणं रोखायची ताकद कमी होते, म्हणून पुढचा अँटीरोल बार जाड करावा लागतो. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो, १६ चा १८ मिमी केला तरी तो सुमारे १.६ पट होतो, त्यामुळं बेताबेतानं घ्या. आणि स्पिटफायरचं स्प्रिंग दोन माणसांच्या गाडीचं आहे, मागच्या सीटवर पाहुणे बसवून जोतिबाला जायचं असेल तर गाडी बसणार.

स्वस्तातला उपाय म्हणजे डिफरन्शियल आणि स्प्रिंगच्या मधे ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि लांब स्टड. गाडी मागं खाली येते, चाकं वरनं आत झुकतात, वळणात बरीच शहाणी वागते. फार खाली घेऊ नका, आपले स्पीड ब्रेकर कोणी कुठल्या मापानं घालत नाही. ॲडजस्टेबल डॅम्पर कोनी, स्पॅक्स, गॅझ असे तिकडचे मिळतात, लावल्यावर सगळ्यात मऊ सेटिंगपासनं सुरू करा आणि दोन्ही बाजूंना मोजून सारख्या क्लिक वाढवा.

झालं की व्हील अलाइनमेंट, मग पन्हाळा रोड. पहाटे जा, कारखाने सुरू असतील तर उसाच्या ट्रॉल्या लागायच्या आधी. वाघबीळच्या वळणांवर आधी सावकाश, दुसऱ्या फेरीला थोडं वाढवून, ॲक्सिलरेटर वळणात एकदम सोडायचा नाही. घरी येऊन सगळे नट परत एकदा आवळा, १०० किमीनंतर अजून एकदा. आणि टायरची हवा, या गाडीला मागं पुढच्यापेक्षा ५-६ पीएसआय जास्त लागते, त्यावर मागचं शेपूट बरंचसं ताब्यात राहतं. पंपावरचा पोरगा चारी चाकांत सरसकट ३० मारतो, त्याला नळी लावायच्या आधीच सांगा.