सायकलची चेन जोडल्यावर 'खट्ट' होऊन पॅडल निसटत असेल तर
तुटलेली चेन जुनीच पिन दाबून जोडली. तेव्हापासून दर अडीच-तीन पॅडलमागे 'खट्ट', आणि पाय निसटायचा. तेल ओतलं, गिअरची केबल ताणली. ढिम्म फरक नाही. आठवडाभर डोकं उठलं होतं.

शेवटी पॅडल हळूहळू उलटं फिरवत मागच्या छोट्या पुलीकडे बघत बसलो. एकच कडी वळल्यावर सरळ होईना, कुबड काढूनच पुढे जायची. मी जोडलेलीच ती! पिन एका बाजूला जास्त बाहेर होती. चेन-टूलचा (चेनची पिन ढकलायचं अवजार) दांडा पाव-पाव फेरा फिरवत दोन्हीकडे सारखी केली. मग कडीच्या अल्याड-पल्याड अंगठे टेकवून चेन आडवी, आधी डावीकडे मग उजवीकडे, हलकेच वाकवली. कडी मोकळी! तेल त्यानंतर, एकच थेंब.

९-१० स्पीडच्या (मागे ९-१० दातेरी चकत्या असलेल्या सायकलच्या) अरुंद चेनला मात्र जुनी पिन परत वापरू नका. तितक्याच स्पीडची क्विक-लिंक (पिन न दाबता जोडता येणारी कडी) घाला.